चौथं झाकण

१५ सप्टेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला पाराशी गेलो. प्राजक्ताचा सडा पडलेला. ओंजळभर फुलं वेचून हेमाच्या फोटोपुढे ठेवली. मातीत पडलेलं असूनही देवाला चालतं असं हे एकच फूल. पाचवीच्या पुस्तकात फुलांवर एक कविता होती, ती शिकवताना मी हे मुलांना सांगायचो आणि दरवर्षी एखादं तरी पोर विचारायचं, "पण का चालतं, सर?" "कारण तो प्राजक्त आहे," म्हणून वेळ मारून न्यायचो.

सुगंधाने सगळी सकाळ भारून गेली होती. तेवढ्यात तळमजल्याची निशा नाकाला ओढणी लावून बाहेर आली. "सर, तुम्ही इथे बसता तरी कसे? गटाराच्या वासाने मी आठ दिवस खिडकी उघडलेली नाही."

"मला तर प्राजक्ताशिवाय काही येत नाही बुवा," मी म्हटलं.

"तुमचं बरंय. तुम्ही कवी माणसं."

दुपारी देवयानी टिटवाळ्याहून आली. दारातूनच ओरडली, "बाबा, दूध करपलंय! खाली जिन्यापर्यंत वास येतोय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसलाय!" मी लिहीत होतो. तंद्री लागली होती. मुलीला वाटतं बाप म्हातारा झाला. एकवीस सालच्या त्या आजारातून उठल्यापासून जेवणाला पहिल्यासारखी चव राहिली नाही, हे मात्र खरं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सोसायटीची सभा. विषय एकच, वास. आमच्या शारदाकुंजात बावीस बिऱ्हाडं. मागच्या बाजूच्या सगळ्यांच्या नाकात तो म्हणे जेवताना, झोपताना असतो. निशाच्या तीन वर्षांच्या ऐश्वर्याला उलट्या होतात. दोन भाडेकरू सोडून गेले.

चेअरमन प्रफुल्ल भोईर म्हणाला, "सर, तुम्ही एक जबरदस्त लेटर लिहा. तुमचं मराठी वाचून साहेब खुर्चीतनं उठला पाहिजे." ही जागा प्रफुल्लच्या वडिलांची. इथे भात पिकायचा. पहिल्यांदा जागा बघायला आलो तेव्हा बांधावर बगळे उभे होते.

रात्रीपर्यंत पत्र झालं. 'या परिसरातील नागरिकांच्या नित्य श्वासालाच जणू ग्रहण लागले असून' असं एक वाक्य जमलं आहे. वासाविषयी तीन परिच्छेद लिहिले. निशाला विचारून विचारून लिहिले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पत्राचा उपयोग झाला. आज पाण्याचा मारा करून गटार साफ करणारी गाडी आली. पंपाचा कानठळ्या बसवणारा आवाज, मुलं गच्चीतून बघताहेत. तीन झाकणं उघडली. रस्त्याकडच्या झाकणातून पाणी सोडलं तर ते उलटं येऊन त्यांच्याच पायांवर.

त्यांचा मुकादम म्हणाला, "इथून रस्त्यापर्यंत एवढं अंतर, मधे अजून एक झाकण असणारच. चौथं. ते दाखवा. तुंबलंय त्याच्या आसपास. बिल्डरचा नकाशा असेल ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. एकोणीस वर्षं मी सेक्रेटरी होतो.

मी म्हटलं, "दोन हजार पाचच्या पुरात ऑफिसमधले पुष्कळ कागद गेले."

हे खोटं नाही. पुष्कळ कागद गेलेच होते.

"मग झाकण सापडलं की फोन करा," म्हणून मुकादम गाडी घेऊन गेला. निशा तिथेच उभी होती, मुलीला खांद्यावर घेऊन. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२८ सप्टेंबर, शनिवार

ट्रंक उघडली. उघडायची नव्हती. हेमाच्या मोरपिशी लुगड्याखाली नकाशा आहे. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, चार चौकोन. चौथा कुठे आहे हे मला नकाशा न बघताही ठाऊक होतं.

हेमाने ते रोप एक्याण्णव साली लावलं. ती गेली त्या वर्षी मी झाडाभोवती पार बांधून घेतला. गवंडी म्हणाला होता, "सर, झाकण आत जातंय." मी म्हटलं, "जाऊ दे. तीन आहेत की." वर कडप्पा बसवला आणि त्याच्या कडेला तिचं नाव कोरलं. त्या दिवशी वाटलं, आता तिला बसायला जागा झाली.

तो फोडायचा? प्रफुल्ल घण घेऊन येईल आणि अर्ध्या तासात झाडासकट सगळं उपटून टाकेल. या लोकांना झाड म्हणजे कचरा. वास काय, आज आहे, उद्या जाईल.

नकाशा परत ठेवला. लुगड्याची घडी मात्र पहिल्यासारखी बसली नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ऐश्वर्याला दवाखान्यात ठेवलं आहे. खोकला थांबत नाही. निशाच्या नवऱ्याने आज माझ्यासमोर हात जोडले. "सर, काहीतरी करा हो. जागा विकायची म्हटली तरी माणूस दारातून परत जातो."

प्रफुल्लने शेवटी पोपटला बोलावलं. पोपट म्हणजे आमच्याकडे वीस वर्षं गटारं मोकळी करणारा. त्याची बायको रंगूबाई आमचे जिने झाडते. पोपटचं काम बघण्यासारखं असतं. बांबूच्या लांब लवचिक खपच्या एकीला एक बांधत तो गटारात सारतो आणि तोंडाने मोजत जातो. किती खपच्या गेल्या यावरून तुंबलंय कुठे ते त्याला कळतं. मुलांकडून पाढे म्हणून घेताना माझा चेहरा तसाच होत असेल.

आज तिसऱ्या झाकणातून सारल्या. सातवी खपची अर्धी जाऊन थांबली. त्याने ती फिरवली, ओढली, टोक पाहिलं. टोकाला केसांसारखी बारीक मुळं. मग पावलं टाकत टाकत तो जमिनीवरून चालत आला आणि पाराशी थांबला. कडप्प्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"बाईंचं झाड," तो म्हणाला.

"हो."

"सर, याच्याखाली..."

"पोपट, वरून न फोडता काही होईल का?"

त्याने बराच वेळ खपचीवरची मुळं सोलली. "आत उतरून कापावं लागेल. पण दोन्हीकडची झाकणं उघडी पाहिजेत, सर. एकीकडनं बंद असलं की आत कोंडतं."

प्रफुल्ल लांबून ओरडला, "काय झालं रे? सापडलं?"

"बघतो आतून," पोपट म्हणाला. पाराविषयी एक अक्षर बोलला नाही.

किती समजूतदार माणूस! हेमाचाही त्याच्यावर फार जीव होता. काम झालं की त्याला चहा असायचाच. त्याच्यासाठी तिने निळ्या फुलांचा एक खास वेगळा कप ठेवला होता, जिन्याकडे उघडणाऱ्या मागच्या खिडकीच्या कठड्यावर. दुसऱ्या कुणाला ती त्यात चहा देत नसे. ती गेल्यावरही मी तो रिवाज मोडला नाही. आजही दिला. त्याने नेहमीसारखा पिऊन, विसळून, पालथा घालून ठेवला. त्याच्या मुलीला, प्राचीला तर मी चार वर्षं मराठी शिकवलं, फी न घेता, याच पारावर बसून. बाहेर हवाही छान असायची. दहावीला ब्याण्णव मार्क पडले तिला. आता ठाण्याला एका वकिलाकडे टायपिंग करते.

७ ऑक्टोबर, सोमवार

पोपट उद्या दहाला येणार. मी म्हटलं, "जपून रे." तो हसला. "तुम्ही नका काळजी करू, सर. दहा मिनिटांचं काम."

मी त्याला उतर म्हटलेलं नाही. तो स्वतःच म्हणाला. हे इथे लिहून ठेवतो.

त्याने आज झाकणं रात्रभर उघडी ठेवायला सांगितली होती. रात्री आठला वास वाढला म्हणून कुणीतरी परत लावून घेतली. कुणी ते कळलं नाही. लावलेली झाकणं मी खिडकीतून पाहिली. खाली जाऊन उघडावीत असं मनात आलं होतं. जिना उतरायचा कंटाळा केला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पोपट गेला.

९ ऑक्टोबर, बुधवार

काल लिहिता आलं नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी तो तिसऱ्या झाकणातून उतरला. कमरेला दोर होता. दोराचं टोक रंगूबाईच्या हातात. तिने वरून विचारलं, "हाय ना वं?" आतून "हाय" आलं. पुन्हा विचारलं. "हाय." तिसऱ्यांदा काही आलं नाही. तिने दोर ओढला. एकटीने तो ओढला जाईना. मी पारावर बसलो होतो, दहा पावलांवर. उठायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. प्रफुल्ल आणि निशाचा नवरा धावले. अग्निशामक दलाच्या माणसांनी प्राणवायूची नळकांडी लावून बाहेर काढला तेव्हा अकरा वाजले होते. त्याच्या उजव्या मुठीत मुळांचा झुबका होता. कापलेला.

रंगूबाई रडली नाही. त्याच्या तोंडावरची घाण पदराने पुसत राहिली. एक गाल झाला की दुसरा, दुसरा झाला की पुन्हा पहिला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

पोलीस आले होते. माणसाला आत उतरवणं कायद्याने गुन्हा आहे म्हणे. कुणी उतरवलं, हा प्रश्न.

संध्याकाळी प्रफुल्ल घरी आला. बूट काढून, दार लावून बसला. "सर, सेक्रेटरी-चेअरमन सगळे आत जातील. माझी पोरगी लग्नाची आहे. एक खुलासा लिहायचाय. तो स्वतःच्या मर्जीने उतरला. आणि सकाळी प्यायलेला होता."

"प्यायला नव्हता तो."

"तुम्ही तोंडाचा वास घेतला होता का?"

मी चष्मा पुसू लागलो.

"मग? नव्हता असं पण नाही ना सांगता येत? सर, ते म्हणतायत झाकण सापडलं असतं तर माणूस उतरायची गरजच नव्हती. आता नकाशाचा विषय निघाला तर पहिलं नाव कुणाचं येईल? मी तुमचंच बघतोय हो."

त्याला माहीत आहे की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

रात्री लिहून दिलं. एक पान. सही त्याची. वाईट झालं नाही लिहून. त्यात पोपटच्या वीस वर्षांच्या सेवेचा उल्लेख मी आग्रहाने घातला आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

देवयानी आली. काल दसऱ्याचं सोनं द्यायला यायचं राहिलं होतं. जाताना दारात म्हणाली, "बाबा, आई असती तर तिने काय केलं असतं?" मी म्हटलं, ती असती तर पार नसता. देवयानी माझ्याकडे बघत राहिली. काय बोलून गेलो ते माझ्या नंतर लक्षात आलं.

फुलं वेचली. सुगंध नेहमीसारखाच.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

प्राची आली. वर ये म्हटलं, तर म्हणाली, "इथेच बसू, सर. सवयीचं आहे." पारावर बसली. ऑफिसची पर्स मांडीवर. तिने खुलाशाची झेरॉक्स काढली.

"हे वाचा."

"चष्मा वर राहिला गं."

"मग मी वाचते." आणि तिने मोठ्याने वाचलं, स्वल्पविरामांवर थांबत, मी शिकवलं होतं तसं. "'सदर कामगार हा अनुभवी व कष्टाळू होता, तथापि घटनेच्या दिवशी मद्याच्या अंमलाखाली असल्याने त्याने, कोणाचीही सूचना नसताना, स्वेच्छेने उतरण्याचा अविचार केला.'" कागद घडी करून ठेवला. "भोईरकाकांना 'तथापि' लिहिता येतं, सर?"

मी पायाशी पडलेली फुलं वेचू लागलो.

"चार वर्षं तुम्ही माझे निबंध तपासले. वाक्य कुठून मोडायचं, कुठून जोडायचं, सगळं तुमचं. ऑफिसात साहेब म्हणतात, मराठी ड्राफ्ट प्राचीलाच द्या. मी पहिली ओळ वाचतानाच ओळखलं. आमच्याच वकिलांकडे आलाय हा कागद. आईची केस तेच बघतायत."

"प्राची, मी..."

"माझे बाबा माळकरी होते. तुम्हाला माहीत होतं. गळ्यातली माळ तुम्ही रोज बघायचात."

पाहिली होती. तुळशीची, दोन पदरी. बाहेर काढलं तेव्हाही गळ्यात होती.

"एकच विचारते. उतरायच्या आदल्या रात्री बाबा जेवताना म्हणाले, झाकण कुठंय ते मला कळलंय, पण सरांना वाईट वाटेल. मी म्हटलं, कुठंय? तर म्हणाले, जाऊ दे." ती कडप्प्यावर बोटांनी ठोकत होती. "कुठे होतं, सर?"

मी कडप्प्यावरचं हेमाचं नाव हाताखाली झाकलं. ती उठली. साडी झटकली. म्हणाली, "मी इथेच बसून पाठांतर करायचे ना? किती वेळा वाटायचं, सर मला वर का नाही बोलवत. बाबा म्हणायचे, वर उकडतं."

२० ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस जेवण गेलं नाही. शाळेतल्या कविता आठवून पाहिल्या. कितीतरी पाठ आहेत मला. आई, गाव, नदी, पाखरं. या प्रसंगाची एकही नाही.

रात्रभर बसून कबुलीजबाब लिहिला. सहा पानं. पहिल्या पानावर भाताची शेतं आणि बगळे आले. दुसऱ्यावर हेमा. चौथ्या पानापर्यंत झाकण आलंच नव्हतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चौकीत गेलो. नकाशा आणि सहा पानं घेऊन. हवालदार सहदेव नावाचे, वयाने पन्नाशीचे. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, बाकीची भराभर चाळली, मग सगळी पानं एका बाजूला सारली.

"आजोबा, हे चांगलंय. पण मला जबाबात घालता येणार नाही. मी विचारतो, तुम्ही सांगा. झाकण कुठे होतं तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"नकाशा तुमच्याकडे होता?"

"हो."

"विचारलं तेव्हा सांगितलं नाही?"

"नाही."

"मयताला पार फोडू नको असं तुम्ही म्हणालात?"

"फोडल्याशिवाय काही होईल का, असं विचारलं."

"म्हणजे तेच."

"हो. तेच."

"तो दारू प्यायला होता?"

"नाही. तो खुलासा प्रफुल्लच्या सांगण्यावरून मी लिहिला. तो खोटा आहे."

त्यांनी लिहून वाचून दाखवलं. नऊ ओळी. 'तथापि' कुठेच नव्हतं. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं. मी सही केली.

बाहेर प्रफुल्ल स्कूटरवर बसला होता. कुणीतरी कळवलं असेल. म्हणाला, "सर, या वयात जेलची हौस आली? मला पण घेऊन बुडालात." मी त्याला म्हटलं, तुझंही नाव मीच सांगितलं. तो थुंकला आणि गाडी सुरू करून गेला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज पोलिसांच्या देखत पार फोडला. तीच गाडी, तोच मुकादम. कडप्पा दोन घावांत निघाला. हेमाच्या नावाचे दोन तुकडे झाले. खाली विटा, विटांखाली माती, मातीखाली लोखंडी झाकण. गंजलेलं, पण कडी शाबूत.

झाकण उचललं आणि सगळी माणसं नाकं धरून मागे सरली. मी काठावर वाकून बघत होतो.

निशा ओरडली, "सर, मागे व्हा! तुम्हाला वास येत नाही का?"

नाही. येत नाही. एकवीस सालापासून मला कसलाच वास येत नाही. फुलांचाही नाही. प्राजक्ताचा वास मी रोज आठवत होतो आणि येतो असं इथे लिहीत होतो. वहीत तरी खरं लिहावं म्हणून आज लिहितो.

मुकादमाने वरूनच यंत्राचा पाइप आत सोडला. मुळं तुटून आली, पाणी खळखळत रस्त्याकडे गेलं. घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं. आत कुणालाही उतरावं लागलं नाही.

"झाड?" मी विचारलं.

"झाडाला काय होतंय! दोन मुळं छाटली. शंभर वर्षं जगेल."

२९ ऑक्टोबर, मंगळवार

निशाने सकाळी सगळ्या खिडक्या उघडल्या. ऐश्वर्या घरी आली आहे, आवाज ऐकू येतो. वास पूर्ण गेला म्हणतात. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. देवयानी वकील बघते आहे. मी नको म्हटलं, ती ऐकत नाही.

दुपारी रंगूबाई आली. जिने झाडायचं काम तिने सोडलं. टाकीमागे पोपटच्या खपच्या ठेवलेल्या होत्या, त्या न्यायला आली होती. मोळी बांधून भिंतीला टेकवली आणि जिना चढून आमच्या मागच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आत ये. बस. चहा टाकतो."

ती आली नाही. कठड्यावरचा निळ्या फुलांचा कप तिने उचलला. त्या दिवसापासून तसाच पालथा होता. पदराने पुसला.

"ह्यो नेते, सर. ह्यांचा व्हता."

"ने ना. पण आधी चहा तर घे. घरात दुसरे कप आहेत."

"ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "ईस वर्सं म्हाईत हाय."

तिने कप पिशवीत घातला, मोळी डोक्यावर घेतली आणि झाडाखालून गेली. खाली फुलं पडली होती. ती चुकवून नाही गेली, तुडवूनही नाही. सरळ चालत गेली.

कठड्यावर कपाचा गोल डाग राहिला आहे. संध्याकाळी दोनदा पुसून पाहिला. जात नाही.